अ‍ॅफॉम्प म्हणजे काय? रेडिएशन मशीनवर नजर ठेवणाऱ्या फिजिसिस्टांची संघटना आणि तिचं नेतृत्व



हॉस्पिटलमधली मशीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन माणसं येतात. एक डॉक्टर आणि दुसरा मशीन चालवणारा टेक्निशियन. पण कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या विभागात तिसरा एक माणूस असतो, जो पेशंटला सहसा दिसतच नाही. तो म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट. मशीनच्या स्क्रीनवरचा डोसचा आकडा आणि प्रत्यक्ष शरीरात जाणारा डोस सारखाच आहे ना, हे बघणं त्याचं काम.

आज आपण या लोकांच्या एका प्रादेशिक संघटनेची माहिती घेऊ. तिचं नाव अ‍ॅफॉम्प, म्हणजे एशिया-ओशनिया फेडरेशन ऑफ ऑर्गनायझेशन्स फॉर मेडिकल फिजिक्स. ही संघटना कशी चालते, तिचं नेतृत्व कोणी केलं, भारताचा आणि मुंबईचा तिच्याशी काय संबंध आहे, आणि मुळात अशी संघटना लागतेच कशाला, हे सगळं मी सोप्या भाषेत सांगतो.

मेडिकल फिजिसिस्ट नेमकं काय करतो?

फिजिक्समध्ये शिक्षण घेऊन हॉस्पिटलमध्ये काम करणारा हा तज्ज्ञ. रेडिओथेरपी, सीटी स्कॅन, एक्स-रे, न्यूक्लिअर मेडिसिन अशा सगळ्या ठिकाणी त्याचं काम असतं. सगळ्यात जास्त जबाबदारी रेडिओथेरपीत.

डॉक्टर ठरवतात की गाठीला एकूण किती डोस द्यायचा. डोस मोजायचं एकक आहे 'ग्रे'. बऱ्याच उपचारांत रोज २ ग्रे असा थोडाथोडा डोस कित्येक आठवडे देतात. तो कोणत्या दिशेने, किती वेळ, कोणत्या आकाराच्या बीमने द्यायचा म्हणजे गाठीला पूर्ण मिळेल आणि शेजारच्या चांगल्या अवयवांना कमीत कमी लागेल, याचं गणित फिजिसिस्ट करतो किंवा तपासतो. शिवाय मशीन रोज बरोबर चालतंय का, भिंतीपलीकडे रेडिएशन जात नाही ना, स्टाफच्या बॅजमध्ये किती डोस नोंदला गेला, हेही त्यालाच बघावं लागतं.

फोनचं रेडिएशन आणि हे रेडिएशन एकच का?

नाही. हा प्रश्न मला खूप जण विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तुमच्या फोनवर *#07# डायल केलं की एसएआर नावाचा आकडा दिसतो. भारतात त्याची मर्यादा १.६ वॉट प्रति किलो आहे. हे रेडिओ लहरींचं मोजमाप. या लहरींमध्ये अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ताकद नसते. एक्स-रे आणि गॅमा किरणांमध्ये ती असते. त्यामुळे ते पेशीतल्या डीएनएपर्यंत जाऊन त्याचं नुकसान करू शकतात. कॅन्सरची पेशी मारायला हाच गुण कामाला येतो आणि चुकीच्या जागी पडला तर हाच गुण घातक ठरतो. मेडिकल फिजिसिस्टचा मुख्य संबंध या दुसऱ्या प्रकाराशी.

स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा?

मॅपवरचा निळा ठिपका कधी कधी आपल्याला शेजारच्या गल्लीत दाखवतो. आपण मान वर करून दुकानाची पाटी वाचतो आणि ठिपका चुकलाय हे आपल्याला कळतं. रेडिएशनच्या बाबतीत हा मार्गच नाही. ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि उपचार चालू असताना पेशंटला काही जाणवतही नाही. जास्त डोस गेला तर शरीर ते सांगतं, पण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून स्वतंत्रपणे मोजावं लागतं. फिजिसिस्ट पाण्याच्या टाकीत किंवा प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांत आयन चेंबर नावाचं छोटं उपकरण ठेवतो, मशीन चालू करतो आणि आकडा ताडून बघतो. लिनॅक मशीनच्या रोजच्या तपासणीत साधारण ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. महिन्याच्या तपासणीत ही मर्यादा २ टक्के आणि वार्षिक तपासणीत १ टक्का.

मग ते आयन चेंबर तरी बरोबर कशावरून? तेही ठरावीक काळाने मानक प्रयोगशाळेत तपासून घेतात. भारतात हे काम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे बीएआरसीमध्ये होतं. म्हणजे एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी पेशंटला मिळणारा डोस एका साखळीने थेट अणुशक्तीनगरच्या प्रयोगशाळेशी जोडलेला असतो.

माझ्या आत्याचं रेडिएशन चालू असताना एका सकाळी आम्हाला दोन तास बसवून ठेवलं होतं. वेटिंग हॉलमध्ये लोक वैतागले होते. लांबून एसटीने आलेले काही जण काउंटरवर भांडतही होते. शेवटी फिजिसिस्ट मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सकाळची रीडिंग मर्यादेच्या बाहेर आहे. पुन्हा मोजल्याशिवाय मी मशीन देणार नाही." आत्या मला म्हणाली, "बसू दे रे, घाई कोणाला आहे!" मला तेव्हा जाणवलं की पन्नास माणसं ओरडत असताना 'थांबा' म्हणायला नुसतं ज्ञान पुरत नाही. त्या माणसाच्या शब्दाला हॉस्पिटलमध्ये वजनही लागतं. संघटनेची गरज नेमकी इथूनच सुरू होते.

तपासणी चुकली तर काय होतं?

जगाच्या दुसऱ्या टोकाचं, पण या क्षेत्रात सगळीकडे शिकवलं जाणारं एक उदाहरण बघा. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशाची राजधानी सान होसे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये कोबाल्ट मशीनचा जुना स्रोत काढून नवा बसवला. नवा स्रोत जास्त ताकदीचा असतो, म्हणून त्याचा वेग पुन्हा मोजून उपचाराची वेळ नव्याने काढावी लागते.

या गणितात ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद असं धरलं गेलं. खरं तर ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. शाळेतल्या मुलाची होईल अशी ही चूक. पण त्यामुळे मशीनचा वेग खऱ्यापेक्षा कमी समजला गेला आणि प्रत्येक पेशंटला जास्त वेळ मशीनखाली ठेवलं गेलं. डोस ठरलेल्यापेक्षा निम्म्याहूनही अधिक वाढला. पेशंटच्या शरीरावर अपेक्षेपेक्षा जास्त परिणाम दिसायला लागले तेव्हा कुठे शंका आली. तोपर्यंत ११५ पेशंटना हा उपचार मिळाला होता. त्यांतल्या काहींचा मृत्यू या जास्त डोसमुळेच झाला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने याची चौकशी करून १९९८ मध्ये अहवाल काढला.

चूक एका गणितात झाली हे खरं. पण ते गणित दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे करून बघितलं असतं, तर ती पहिल्याच दिवशी सापडली असती. दुसरा माणूस हवा, त्याला शिक्षण हवं, तपासायला वेळ हवा, आणि ही गोष्ट ऐच्छिक न ठेवता नियमात हवी. एकेकट्या हॉस्पिटलमधला एकटा फिजिसिस्ट हे मागून मिळवू शकत नाही.

संघटनांची रचना: देश, प्रदेश, जग

तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

१. देशाची संघटना: भारतात असोसिएशन ऑफ मेडिकल फिजिसिस्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एएमपीआय. स्थापना १९७६. तिचा पत्ता मुंबईचाच, अणुशक्तीनगरमधला.

२. प्रदेशाची संघटना: अ‍ॅफॉम्प. स्थापना २०००. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, मलेशिया, थायलंड, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा अनेक देशांच्या राष्ट्रीय संघटना तिच्या सदस्य आहेत. म्हणजे इथे संघटनाच सदस्य असतात, एकेकटी माणसं नाहीत. म्हणूनच नावात 'फेडरेशन' आहे.

३. जागतिक संघटना: इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल फिजिक्स, म्हणजे आयओएमपी. स्थापना १९६३. सुरुवातीला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि स्वीडन हे चारच देश होते. युरोप, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व, आग्नेय आशिया आणि आशिया-ओशनिया असे तिचे सहा प्रादेशिक विभाग आहेत. अ‍ॅफॉम्प हा त्यांतलाच एक.

आता मधली पायरी कशाला, असं वाटेल. कारण आशियात फार मोठी तफावत आहे. जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया इथे आधुनिक मशीन भरपूर, तर काही शेजारी देशांत फिजिसिस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. युरोपसाठी बनवलेला नियम इथे जसाच्या तसा बसत नाही. ढाक्याच्या किंवा काठमांडूच्या फिजिसिस्टची अडचण मुंबईच्या माणसाला लवकर समजते.

अ‍ॅफॉम्पचं नेतृत्व

संघटनेचं रोजचं काम कार्यकारिणी बघते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, महासचिव, खजिनदार आणि मावळते अध्यक्ष असे पदाधिकारी असतात. शिक्षण, विज्ञान, व्यावसायिक विकास अशा विषयांच्या समित्या वेगळ्या. गेल्या काही वर्षांत पद्धत अशी दिसते की आजचा उपाध्यक्ष उद्याचा अध्यक्ष होतो आणि मावळता अध्यक्ष पुढची काही वर्षं सोबत राहतो. याचा फायदा असा की नवा माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. चालू काम मध्येच तुटत नाही.

महत्त्वाची काही नावं:

- कियोनारी इनामुरा (जपान): संस्थापक अध्यक्ष.
- किन यिन चेउंग (हाँगकाँग): अ‍ॅफॉम्पचे अध्यक्ष राहिले. पुढे २०१२ मध्ये जागतिक संघटनेचे, म्हणजे आयओएमपीचे अध्यक्ष झाले.
- ते-सुक सुह (दक्षिण कोरिया): सोलच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ कोरियाचे प्राध्यापक.
- अरुण चौगुले (भारत): जयपूरच्या एसएमएस मेडिकल कॉलेजचे. आधी उपाध्यक्ष आणि मग अध्यक्ष.
- इव्हा बेझाक (ऑस्ट्रेलिया): अ‍ॅडलेडच्या युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियाच्या प्राध्यापक. चौगुले यांच्यानंतर अध्यक्ष.
- हसीन अनुपमा अझहरी (बांगलादेश): बेझाक यांच्या कार्यकारिणीत उपाध्यक्ष.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. सुरुवात जपानसारख्या श्रीमंत देशातून झाली, पण पुढे भारत आणि बांगलादेशमधली माणसंही वरच्या पदांवर आली. जिथे मशीन कमी आणि पेशंट जास्त, तिथली माणसं टेबलावर बसली तर चर्चेचे विषयही बदलतात. जागतिक पातळीवरही भारताशी नातं असलेलं एक नाव आहे. दिल्लीच्या एम्समध्ये बरीच वर्षं काम केलेले मदन रेहानी २०१८ मध्ये आयओएमपीचे अध्यक्ष झाले.

ही संघटना प्रत्यक्षात करते काय?

भाषणं आणि फोटो तर सगळ्याच संघटनांत असतात. अ‍ॅफॉम्पचं खरं काम तिच्या धोरणपत्रांत सापडतं. पहिल्या चार पत्रांचे विषय असे:

- पहिलं: हॉस्पिटलमधल्या मेडिकल फिजिसिस्टचं काम, जबाबदारी आणि दर्जा काय असावा.
- दुसरं: रेडिओथेरपी विभागात किती फिजिसिस्ट असावेत.
- तिसरं: त्यांचं शिक्षण आणि प्रशिक्षण कसं असावं.
- चौथं: नोकरी लागल्यावरही शिकत राहण्याची व्यवस्था कशी असावी.

ही पत्रं साधारण २००९ ते २०१२ या काळात आली. पहिल्या पत्राच्या लेखकांत मलेशियाचे क्वान हूंग एंग यांचं नाव पुढे आहे. आग्नेय आशियाची वेगळी संघटना उभी करणारेही तेच.

दुसऱ्या पत्राचा उपयोग बघा. हॉस्पिटलने नवीन मशीन घेतलं पण फिजिसिस्ट तितकेच ठेवले, तर तपासणीचा वेळ कुठून येणार? आता तिथला फिजिसिस्ट व्यवस्थापनासमोर कागद ठेवून सांगू शकतो, "साहेब, हे मी म्हणत नाही, माझ्या प्रदेशाची संघटना म्हणतेय." कोस्टा रिकात जो दुसरा माणूस हवा होता, तो असाच कागदावरून येतो.

दुसरं काम परिषदेचं. एशिया-ओशनिया काँग्रेस ऑफ मेडिकल फिजिक्स दर वेळी वेगळ्या देशात भरते. भारतात २०१७ मध्ये ती जयपूरला झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत, अणुशक्तीनगरला. दोन्ही वेळा एएमपीआयची वार्षिक परिषद सोबतच होती. परदेशी जाण्याचा खर्च न परवडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यामुळे घरबसल्या संधी मिळाली.

तिसरं काम ओळख मिळवून देण्याचं. ७ नोव्हेंबर हा मेरी क्युरी यांचा जन्मदिवस. २०१३ पासून तो आंतरराष्ट्रीय मेडिकल फिजिक्स दिन म्हणून साजरा होतो. ओळखीचा प्रश्न वरवरचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायांच्या यादीत मेडिकल फिजिसिस्ट हा आरोग्यसेवेचा भाग आहे, अशी नोंद २००८ च्या आवृत्तीत आली. भारतात २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या यादीतही हे नाव आहे.

संघटनेचे हात कुठे बांधलेले आहेत?

हेही स्पष्ट सांगायला हवं. अ‍ॅफॉम्प किंवा एएमपीआय कोणत्याही हॉस्पिटलला दंड करू शकत नाही, मशीन बंद करू शकत नाही. तो अधिकार सरकारी नियामकाचा. भारतात हे काम अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी करतं. त्याची स्थापना १९८३ ची. रेडिओथेरपी केंद्राला परवाना हवा तर मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी असावेच लागतात. मशीनसमोर काम करणाऱ्यांच्या डोसला मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही.

थोडक्यात, काय असावं हे संघटना सांगते आणि किमान काय असलंच पाहिजे हे नियामक सांगतो. या दोन्हींच्या मधलं अंतर कमी करणं हे चांगल्या नेतृत्वाचं काम.

मुंबईचा वाटा

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथे डॉ. रामय्या नायडू यांनी रेडियमपासून मिळणारा रेडॉन वायू उपचारासाठी गोळा करण्याचा प्लांट उभारला. भारतातल्या मेडिकल फिजिक्सचे ते आद्य पुरुष मानले जातात. एएमपीआय त्यांच्या नावाने स्मृती व्याख्यान ठेवते. पुढे १९६२ पासून बीएआरसीने रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केला. देशातल्या कित्येक हॉस्पिटलांचे फिजिसिस्ट तिथूनच शिकून बाहेर पडले.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंय, काय करू?
बीएस्सी फिजिक्स, मग एमएस्सी फिजिक्स आणि त्यानंतर रेडिओलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा डिप्लोमा, हा जुना आणि भक्कम रस्ता. काही विद्यापीठांत थेट एमएस्सी मेडिकल फिजिक्सही आहे. नंतर रेडिओथेरपी विभागात इंटर्नशिप करावी लागते. प्रवेश घेण्याआधी तो कोर्स एईआरबीच्या अटींत बसतो का, हे नक्की तपासा.

अ‍ॅफॉम्पचं सदस्यत्व मला थेट मिळेल का?
थेट नाही. तुम्ही तुमच्या देशाच्या संघटनेचे सदस्य व्हायचं. भारतात ती एएमपीआय.

मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकच का?
नाही. रेडिओलॉजिस्ट हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर. ते स्कॅन वाचून निदान करतात. फिजिसिस्ट मशीन, डोस आणि सुरक्षिततेचं बघतो.

एआय आल्यावर या लोकांची गरज संपेल का?
मला तसं वाटत नाही. सॉफ्टवेअर उपचाराचा प्लॅन पटकन बनवून देईल. पण त्या प्लॅनप्रमाणे मशीन खरंच तेवढा डोस देतंय का, हे पाण्याच्या टाकीत चेंबर बुडवूनच कळतं. उलट सॉफ्टवेअर जितकं हुशार, तितकं त्याला तपासणारं माणूस पक्कं हवं.

घरात कोणाचं रेडिएशन चालू असेल तर आम्ही काय विचारावं?
केंद्राला एईआरबीचा परवाना आहे का, पूर्णवेळ फिजिसिस्ट किती आहेत, आणि प्लॅनचं गणित दुसऱ्या कोणी तपासलं आहे का. हे तीन प्रश्न नम्रपणे विचारले तर कोणीही चांगला विभाग राग मानणार नाही. आणि एखाद्या सकाळी मशीन तपासणीसाठी थांबलं असेल, तर थोडी कळ काढा. तो उशीर तुमच्याच माणसासाठी असतो.

तुमच्या ओळखीत फिजिक्स शिकणारं कोणी असेल आणि 'पुढे काय' या विचारात असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणखी काही शंका असतील तर जरूर विचारा.